वजा केलेला उजेड

“ह्या बायका मिश्रीला तंबाखू म्हणत नाहीत गं. ती वेगळी विचार,” असं थोरवत सिस्टरांनी बजावलं, तेव्हा सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती आणि ऋतुजा मगदूमच्या पुढ्यात कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पडला होता. बाहेर बाकावर आठ जणी बसल्या होत्या. रात्रपाळी संपवून थेट सूतगिरणीतून आलेल्या, केसांत कापसाचं पिंज अडकलेलं, रिकाम्या पोटाने जांभया देणाऱ्या.

“सिस्टर, सत्तावीस नंबरला आहे की प्रश्न. ‘तंबाखू, सिगारेट, गुटखा इत्यादींचे सेवन करता का?’ इत्यादीत सगळं आलं.”

“इत्यादी तुला कळतं. त्यांना नाही.”

“मग काय नवा रकाना पाडू? नीतिशास्त्र समितीने मंजूर केलेला फॉर्म आहे. एक शब्द बदलायचा म्हटला तरी परत समितीपुढे. दीड महिना जाईल.”

“शब्द कशाला बदलतेस? तोंडाने विचार. मी जिल्हा रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं दातांच्या विभागात काढलीत, म्हणून सांगते.”

“बघते,” ऋतुजा म्हणाली, आणि पहिल्या बाईला आत बोलावलं.

तिने बघितलं नाही. तसा तिचा स्वभाव निष्काळजी नव्हता. उलट घरी सगळे तिला हसायचे; आठ महिन्यांच्या जुईचं पाणी ती दोनदा उकळायची, झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची. पण केंद्रात घाई होती आणि ती घाई माणसांनी केलेली नव्हती.

इचलकरंजीबाहेर हातकणंगल्याच्या रस्त्यावर त्या संशोधन केंद्राची नवी कोरी इमारत होती. तळघरात एक सायक्लोट्रॉन होता. कणांना गरगर फिरवून वेग देणारं आणि पाण्यावर आदळवणारं यंत्र. त्या आदळण्यातून किरणोत्सारी फ्लोरिन तयार व्हायचा. तो एका छोट्या रेणूच्या शेपटाला जोडला की झाला ‘अंकुर’, म्हणजे केंद्राने चौदा वर्षं खपून शोधलेला नवा अनुरेखक. शिरेतून टोचला की तो अंगभर फिरून आपल्या ओळखीच्या जागा शोधतो आणि तिथेच चिकटून बसतो. मग फ्लोरिनचा एकेक अणू फुटतो, त्यातून निघालेला कण शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटून नाहीसा होतो, आणि त्या जागेवरून दोन किरण बरोबर उलट्या दिशांना निघतात. भोवतालच्या कड्यातले डोळे ते दोन्ही टिपतात. अशा लाखो जोड्यांवरून शरीराचं चित्र उमटतं. अंकुर जिथे जास्त, तिथे उजेड जास्त.

पण हा फ्लोरिन कुणासाठी थांबत नाही. दर एकशे दहा मिनिटांनी तो निम्मा होतो. सकाळी सहाला भरलेल्या कुपीत आठला निम्मं औषध उरतं, दहाला पाव. तेवढ्यात आठ जणींची वजनं घ्यायची, एक्केचाळीस प्रश्न विचारायचे, सह्या नाहीतर अंगठे घ्यायचे, टोचायचं. सत्ताविसाव्या प्रश्नापाशी “मिश्री लावता का, किती वर्षं, दिवसातून किती वेळा” असं उकरत बसलं, तर आठवीच्या वाट्याला औषधच उरलं नसतं. शिवाय उकरून ‘हो’ निघालं असतं तर ती बाई बादच झाली असती. केंद्राला निर्व्यसनी, धडधाकट बायका हव्या होत्या. चौसष्ट. महिनाअखेरपर्यंत. आणि त्या जमवून आणायची जबाबदारी ऋतुजाची होती. ती तात्पुरत्या नेमणुकीवर होती, कायम व्हायची होती.

धडधाकट बायका कशाला, तर त्यातच सगळी मेख होती. अंकुर फार तल्लख होता. कर्करोगाची गाठ तांदळाच्या कणीएवढी व्हायच्या आधीच आजूबाजूच्या साध्या पेशींना कामाला लावते, स्वतःभोवती तंतूंचं जाळं विणून घेते. अंकुर त्या विणणाऱ्या पेशींना चिकटतो. पण तशा पेशी खरचटलेल्या ढोपरातही असतात, दुखऱ्या गुडघ्यात असतात, सुजलेल्या हिरडीत असतात. म्हणजे प्रत्येक माणूस इथे-तिथे थोडा उजळणारच. त्यातला कुठला उजेड रोजचा आणि कुठला रोगाचा, हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं. त्यासाठी चौसष्ट निरोगी शरीरांची चित्रं एकावर एक ठेवून एक ‘सामान्य नकाशा’ करायचा. पुढे कुणाचंही चित्र काढलं की संगणक त्यातून हा नकाशा वजा करणार. बाकी शून्य उरली तर हिरवं कार्ड.

एक्केचाळिसावी बाई ऋतुजाने आपल्याच घरातून नेली होती.

शालन तेरदाळे, वय बावन्न. सूतगिरणीत सुताचे कोन भरायच्या खात्यात पंचवीस वर्षं उभी राहिलेली. स्वयंचलित यंत्रं आली तशी घरी बसली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. ऋतुजाच्या घराच्या पाठीमागच्या खोलीत राहायची आणि जुईला सांभाळायची. ऋतुजाला ती ‘पोरी’ म्हणायची आणि जुईला ‘मालकीण’.

“मावशी, तंबाखूबिंबाखू काही?” फॉर्म भरताना ऋतुजाने विचारलं होतं.

“छ्या! हात लावत न्हाई. माझा थोरला दीर त्यातच गेला की. तवापास्नं त्या पुडीचा वाससुदीक सोसत न्हाई मला.”

ऋतुजाने ‘नाही’वर खूण केली. पितळेची चपटी डबी मावशीच्या कमरेला खोचलेली होती. रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून ती त्यातली काळी पूड बोटावर घ्यायची आणि अर्धा-अर्धा तास हिरड्यांना घासायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वरवंट्याने वाटायची, तीही मागच्याच पायरीवर. त्या वासासाठी ऋतुजाने तिला जुईचे पापे घ्यायला मनाई केली होती. पण फॉर्मवर खूण करताना हे काही तिच्या मनात आलं नाही. ती सकाळ सव्वाआठची होती आणि कुपीत निम्मं औषध उरलं होतं.

टोचून झाल्यावर सहा तास लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही, असा नियम होता. दुपारी मावशी खोलीच्या दारात उभी आणि जुई अंगणापलीकडे बापाच्या कडेवर हात पसरून रडत होती.

“आता काय मी दिवा झाले व्हय गं? अंधारात दिसंन?” मावशी ओरडून विचारत होती.

“दिसणार नाहीस. पण लांब राहा.”

“मालकीण, ऐकलंस न्हवं? तुझ्या आईनं मला विजेच्या खांबाला जोडलंय. हात लावू नगंस.”

अभिनंदन, ऋतुजाचा नवरा, हसून हसून खाली बसला होता.

*

नकाशा झाला. अंकुर पास झाला. ऋतुजा कायम झाली. दीड वर्षात सहा जिल्ह्यांत साठ यंत्रं बसली आणि हिरवं कार्ड ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट झाली. “मुलगी हिरवी आहे” असं स्थळं बघताना सांगायला लागले. गिरण्या कार्ड बघून कामावर घ्यायला लागल्या. एवढं तल्लख यंत्र दाराशी आल्यावर जुन्या तपासण्यांचं काय काम? गावोगाव आशाताई टॉर्च घेऊन बायामाणसांची तोंडं बघायच्या, ती मोहीम गुंडाळली गेली. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन कुणी तोंड दाखवेनासं झालं. थोरवत सिस्टर त्याच साली निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्या एवढंच म्हणाल्या, “टॉर्च टाकून देऊ नका.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शालनमावशीला पहिल्या चौसष्टांतली म्हणून ऋतुजा स्वतः दरवर्षी मानाने यंत्रावर घेऊन जायची. दरवर्षी हिरवं. कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवलं होतं.

तिसऱ्या वर्षी ती तिखट खाईनाशी झाली.

“मावशी माझाच भात खाते,” जुईने एकदा तक्रार केली. तेव्हा ती तीन वर्षांची होती. “दूध घातलेला.”

“काय झालं गं?” ऋतुजाने विचारलं.

“काय की. गालात आग व्हती. उष्णता असंल. दाखवू का कुठं?”

“अगं मागच्या महिन्यातच कार्ड आलंय ना तुझं? हिरवं आहे. काही असतं तर यंत्राला सगळ्यात आधी कळलं असतं. सब्जा खा भिजवून.”

मावशीने सब्जा खाल्ला. पुढे दोन-तीनदा गालावर हात धरून बसलेली दिसली, तेव्हाही ऋतुजाने तिला कार्डाचीच आठवण करून दिली. तिला खरोखर तसं वाटत होतं. ती स्वतः त्या केंद्रात काम करत होती. तिने विश्वास ठेवायचा नाही तर कुणी?

*

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती साडेचारला घरी आली, तर जुई पांढरीफटक पडली होती. दोनदा उलटी झालेली, कपाळावर घाम, हात गार. मावशी तिला मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होती.

“काय खाल्लं हिनं? काय दिलंस?”

“काय दिलं न्हाई गं. दाढ दुखतीया म्हणून सकाळपास्नं रडत हुती. जरा चिमूटभर लावली दाढंला. आम्ही ल्हान असताना आमची आई लावायची. लगीच गुण येतो.”

ऋतुजाने पोरीचं तोंड उघडलं. दातांच्या फटीत काळे कण होते. वास आला, तोच, मागच्या पायरीवरचा.

“तंबाखू लावलीस?” ती किंचाळली. “माझ्या पोरीच्या तोंडाला तंबाखू लावलीस तू?”

“तंबाखू कुठली? मिश्री हाय ती.”

“तंबाखूच आहे ती! भाजलेली तंबाखू! तीन वर्षांच्या पोरीला विष होतं त्याचं, कळत नाही तुला? इतकी वर्षं बघते आहे मी तुझं ते थेर…”

आणि ती थांबली.

जुईला घेऊन ती कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे पळाली. त्यांनी तोंड धुवून घेतलं, सलाइन लावलं, तासाभरात पोरीच्या गालावर रंग आला आणि तिने बिस्किट मागितलं. संकट टळलं. पण ऋतुजाच्या डोक्यात सत्तावीस नंबरचा प्रश्न सुरू झाला होता. त्या चौसष्ट जणी एकेक करून समोर येत होत्या. कुणाच्या कमरेला डबी, कुणाच्या ब्लाउजमध्ये पुडी, कुणाचं बोट काळं. आणि प्रत्येकीच्या फॉर्मवर तिच्याच हातची खूण. नाही. नाही. नाही.

घरी आल्यावर जुईला अभिनंदनकडे देऊन ती मागच्या खोलीत गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“मावशी, इकडं उजेडात ये. आ कर.”

“कशाला आता? चुकलं माझं. घालव मला.”

“आ कर म्हणते ना!”

डावीकडे, खालच्या हिरडीपासून गालापर्यंत, दुधाच्या सायीसारखा पांढरा चट्टा होता. त्याच्या मधोमध एक खड्डा, कडा वर आलेल्या, लाल. बोट लागताच मावशी कळवळली आणि रक्त आलं. बघायला यंत्र लागत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीही लागलं नसतं.

*

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने मावशीच्या कार्डाचा क्रमांक घातला. पडद्यावर गेल्या वेळचं चित्र आलं. राखाडी, शांत, कुठेही ठिपका नाही. कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण. मग तिने वजाबाकी बंद केली. ते बटण सहसा कुणी दाबत नसे.

डाव्या हिरडीपाशी ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड होता. त्याच्या आदल्या वर्षी तांदळाएवढा. आणि पहिल्या वर्षी, नकाशासाठी काढलेल्या एक्केचाळीस नंबरच्या चित्रात, हिरडीच्या कडेने एक फिकट रेघ.

अंकुरने दरवर्षी खरं सांगितलं होतं. नकाशाने दरवर्षी ते पुसलं होतं. कारण नकाशाच्या मते बाईची डावी हिरडी उजळतेच. चौसष्टांपैकी निम्म्याहून जास्त ‘निर्व्यसनी’ बायकांची उजळत होती; उजव्या हाताचं बोट घासताना त्याच बाजूला जास्त फिरतं.

डॉ. केतकी उपासनी केंद्राच्या प्रमुख होत्या. अंकुर त्यांच्या डोक्यातून निघालेला. त्यांनी तिन्ही चित्रं बराच वेळ पाहिली.

“नकाशा चुकला नाही, ऋतुजा. तू जे लिहून दिलंस तेच त्याने खरं धरलं.”

“मला मान्य आहे, मॅडम. म्हणूनच आले. कार्डं थांबवायला हवीत.”

“साठ यंत्रं थांबवायची? तुला कल्पना आहे याच यंत्रांनी गेल्या वर्षी किती जणींच्या छातीतल्या गाठी वेळेवर पकडल्या? हिरडीसाठी सगळंच बंद करू?”

“निदान त्या चौसष्ट जणींना तरी परत बोलवा.”

“कशी बोलावणार? नावं आणि क्रमांक जोडणारी यादी दोन वर्षांनी नष्ट करायची, हे त्यांना लेखी दिलं होतं आपण. नष्ट केली. आता क्रमांक आहेत, बायका नाहीत.” त्यांनी चष्मा काढला. “सहा महिन्यांत नवी आवृत्ती काढू. नकाशा दुरुस्त होईल. त्यासाठी तू लेखी काही द्यायलाच हवं असं नाही. ‘नवा अभ्यास’ म्हणून करता येईल.”

“आणि सहा महिने?”

“विचार कर. घाई करू नकोस. लिहून दिलंस तर पहिलं नाव तुझं येईल.”

ऋतुजाने विचार केला. नऊ दिवस विचार केला. अभिनंदन म्हणाला, “फॉर्म समितीचा, नकाशा त्यांचा, यंत्र त्यांचं, आणि अडकणार तू एकटी? जुईचा विचार कर.” जुईचा विचार ती करतच होती. त्या नऊ दिवसांत साठ यंत्रांवरून हजारोंनी हिरवी कार्डं निघाली. किती, ते तिला माहीत होतं, कारण रोजचा आकडा तिच्याच टेबलावर यायचा.

*

मावशीचं ऑपरेशन मिरजेत ठरलं. डावा जबडा काढावा लागणार होता, गळ्यातल्या गाठीही. आदल्या दिवशी ऋतुजा वॉर्डात गेली. मावशी खाटेवर बसून पेल्यातलं ताक नळीने ओढत होती.

“जुई कशी हाय?”

“बरी आहे. तुझी आठवण काढते.”

“दाढ?”

“डॉक्टरांनी भरली.”

मावशीने पेला ठेवला. बोलताना तिला लाळ पुसावी लागत होती. “त्या डॉक्टरनं विचारलं मला, मिश्री लावता का म्हणून. म्हटलं व्हय, पंधरा वर्साची हुते तवापास्नं. म्हणाला, कुणी बोललं न्हाई का कधी? म्हटलं, आमची पोरगी त्याच खात्यात हाय. तिनं मला मशिनीत घातलं. काय असतं तर बोलली असती की.”

“मावशी, मी फॉर्ममध्ये…”

“तू फारमात तंबाखू इचारलीस. मिश्री इचारली असतीस तर लपवून ठिवायचं काय हुतं गं त्यात? डबी कमरंलाच हुती की.”

“चुकलं माझं.”

“वास येतो म्हणून पोरीचं पापं घिऊ द्यायची न्हाईस. तवा कळत हुतं.” तिने गाल धरला. “तिच्या तोंडाला लागली तवा तंबाखू झाली. माझ्या तोंडात हुती तवा काय हुती?”

शेजारच्या खाटेवरची बाई कानोसा घेत होती.

“जा आता,” मावशी म्हणाली. “उद्याच्याला नंतर बोलता यायचं न्हाई म्हणून बोलून घेतलं. पोरीला हितं आणू नगंस. भिल ती.”

ऑपरेशन झालं, मावशी जगली. पण ती परत मागच्या खोलीत आली नाही. भावाचा मुलगा तिला शिरोळला घेऊन गेला. ऋतुजा एकदा भेटायला गेली, तेव्हा ती आत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. भाच्याने बाहेर येऊन सांगितलं, “आत्ती झोपलीया.” आतून भांड्याचा आवाज येत होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातून परतली त्याच संध्याकाळी ऋतुजाने केंद्राला पत्र लिहिलं होतं. प्रश्न क्रमांक सत्तावीस मी नीट विचारला नाही. मला सांगण्यात आलं होतं, तरी विचारला नाही. खाली सही केली, तारीख घातली. तारखेकडे बघताना नऊ दिवस मोजले.

तिला महिनाभरात कामावरून काढलं. केंद्राच्या अहवालात ‘प्रश्नावलीतील त्रुटी’ एवढाच उल्लेख आला. नवी आवृत्ती यायची तेव्हा आली. आधी दिलेली कार्डं मात्र त्यांच्यावर छापलेल्या तारखेपर्यंत ग्राह्य राहिली. कुणालाही परत बोलावलं नाही.

मग तिने स्वतःच त्या चौसष्ट जणींना शोधायचं ठरवलं. यादी नष्ट झाली होती, पण त्यांना गाडीत बसवून आणणारी तीच होती. कोण कुठल्या गिरणीतली, कुणाबरोबर आली, कुणी सुईला घाबरून देवाचं नाव घेतलं, सगळं तिला आठवत होतं. थोरवत सिस्टरांच्या दारात ती उभी राहिली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन टॉर्च घेऊन आल्या, सेल तपासले आणि चपला घातल्या.

दोघी यंत्रमागांच्या शेडमधून हिंडल्या. खटखटाटात ओरडून बोलावं लागायचं. “दात बघायला आलायसा? म्हैस घ्यायची हाय काय?” असं एकीने विचारलं आणि सगळी शेड हसली. पण तोंड उघडलं. दुसरी म्हणाली, “मी हिरवी हाय, मला कशाला बघताय?” तिच्या दोन्ही गालांत चट्टे निघाले. “तंबाखू खाता का?” असं सिस्टरांनी एकदाही विचारलं नाही. त्या फक्त हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “डबी दाखव बघू.” आणि डबी निघायची. साध्या, राजरोस, हसत काढून दिलेल्या डब्या.

चार महिन्यांत त्रेसष्ट जणींचा पत्ता लागला. एकोणचाळीस मिश्री लावणाऱ्या. अकरा जणींना चट्टे, चौघींना न भरणारी जखम. एकजण वर्षापूर्वीच वारलेली. तिच्या मुलाने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि हिरवं कार्ड आणून ऋतुजाच्या हातात ठेवलं. “हे असताना गेली कशानं?” त्याने विचारलं. तो भांडत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. ऋतुजाने त्याला सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिचं बोट काळं होतं. सिस्टरांनी तिला तिथेच, उंबऱ्यावर, उजेडाकडे तोंड करून बसवलं.

एक राहिली. तिच्यासाठी ऋतुजाने पत्रक छापून घेतलं, बसस्थानकांवर लावलं, सापडेल त्याच्या हाती दिलं. ते असं आहे:

‘हिचं नाव कस्तुरी. आडनाव मला माहीत नाही, विचारलं होतं पण लक्षात ठेवलं नाही. वय आता पंचेचाळीसच्या आसपास. मूळची बोरगावकडची, बोलताना मध्येच कानडी शब्द येतात. उंच आहे, किंचित वाकून चालते. डाव्या भुवईत जुनी खोक आहे. इचलकरंजीत ती ज्या गिरणीत होती ती बंद पडली. कुणी म्हणतं भिवंडीला गेली, कुणी म्हणतं मालेगावला. तिला दोन मुली आहेत, थोरलीचं नाव गंगू.

‘ती तुमच्या शेजारी राहत असेल, तुमच्या घरी भांडी घासत असेल, तुमच्या गिरणीत सूत भरत असेल. आजच तिच्याकडे जा. तब्येत कशी आहे विचारलंत तर ती बरी आहे म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. तिला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा, तोंड उघडायला सांगा, आणि डावा गाल बोटाने बाजूला करून खालची हिरडी नीट बघा. पांढरं दिसलं, लाल दिसलं, बोट लागून रक्त आलं, तर तिथूनच तिला दवाखान्यात न्या. ती नको म्हणेल, कामाची पाळी बुडेल म्हणेल. तरी न्या.

‘मला कळवायला फोन शोधत बसू नका. ते नंतर. आधी तिला न्या.’